वस्तीवरील कुत्रा : घरच्या सदस्याची निगा आणि कुटुंबाची सुरक्षितता

शेतकऱ्याच्या घरी गाय, बैल, शेळी, कोंबडी यांच्याबरोबर कुत्रा आणि मांजर पूर्वापार आहेत. कुत्रा राखण करतो आणि मांजर कणगीतील धान्य उंदरांपासून वाचवते, एवढाच त्यांचा हिशेब असे. अलीकडच्या काळात मात्र यात मोठा बदल झाला आहे. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी शहरात जातात. मळ्यातील वस्तीवर बहुधा आई-वडील दोघेच उरतात. अशा घरात कुत्रा केवळ राखणदार राहत नाही. त्याला नाव असते, त्याच्या जेवणाची वेळ ठरलेली असते आणि तो आजारी पडला तर घरातील माणसांना घास गोड लागत नाही. शहरात तर कुत्र्या-मांजरांना मुलांप्रमाणे वाढविणारी कुटुंबे आता सर्वत्र दिसतात.

हे नाते नवीन नाही. काश्मीरमधील बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले कुत्रे आढळले आहेत. आपल्याकडे धनगर बांधवांचा वाडा कुत्र्याशिवाय हलत नाही. दत्ताच्या तसबिरीतही कुत्र्यांना जागा आहे. परंतु घरचा सदस्य म्हटले म्हणजे माया आली, तशी जबाबदारीही आली. बैलाला लस टोचून घेणारा, गाईला वेळेवर जंताचे औषध पाजणारा शेतकरी कुत्र्याच्या बाबतीत मात्र भाकरी टाकली की काम झाले असे समजतो. हा समज कुत्र्याच्या आणि कुटुंबाच्याही जिवावर बेतू शकतो.

रेबीज : सर्वात मोठा धोका

कुत्रा पिसाळणे म्हणजेच रेबीज. हा रोग विषाणूमुळे होतो. बाधित जनावराच्या लाळेत विषाणू असतात. चावल्याने, ओरखडल्याने किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने ते शरीरात शिरतात व मज्जातंतूंमार्गे मेंदूपर्यंत पोहोचतात. माणसात लक्षणे दिसण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित त्याहून कमी किंवा अधिक काळ लागतो. एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी वाचत नाही असेच धरून चालावे. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत कुत्रा कारणीभूत असतो. संशयित जनावरे ज्यांना चावतात त्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. मूल कुत्र्याशी खेळते, ओरखडा लागतो आणि मार बसेल या भीतीने ते घरी सांगत नाही. म्हणून कुत्रा चावला किंवा नख लागले तर लगेच सांगायचे, रागावणार नाही, असे मुलांना आधीच समजावून ठेवावे.

पिसाळलेला कुत्रा कसा ओळखावा?

प्रथम कुत्र्याच्या वागण्यात फरक पडतो. मायाळू कुत्रा अंगावर येतो, तर तापट कुत्रा गप्प होऊन अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. पुढे तो दगड, लाकूड, साखळी यांना चावतो, दिशाहीन पळतो, आवाज बदलतो, लाळ गळते. काही कुत्र्यांत उग्र लक्षणे दिसतच नाहीत. खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, मागील पाय लुळे पडतात. हा मुका प्रकार अधिक फसवा असतो. कुत्रा पाणी पितो म्हणजे तो पिसाळलेला नाही, असे मुळीच समजू नये. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे. लक्षणे दिसल्यावर कुत्रा साधारणपणे १० दिवसांच्या आत मरतो.

गाई-बैलांतील रेबीज

पिसाळलेला कुत्रा गोठ्यात शिरून जनावरांनाही चावतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जनावर चारा सोडते, सारखे हंबरते, तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही. घशात काही अडकले असे समजून शेतकरी जनावराच्या तोंडात हात घालतो आणि येथेच घात होतो. लाळ गाळणाऱ्या, चारा न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये. पशुवैद्यकास बोलवावे. अशा जनावराचे कच्चे दूध पिऊ नये, मांस खाऊ नये. लाळेचा संपर्क आलेल्या सर्वांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जनावरास कुत्रा चावल्याचे दिसताच जखम साबणाने धुवावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लसीची पूर्ण मात्रा टोचून घ्यावी. जखम धुताना हातमोजे वापरावेत.

माणसाला कुत्रा चावल्यास काय करावे?

१. जखम त्वरित वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान १५ मिनिटे धुवावी. यामुळे बरेचसे विषाणू जागीच नष्ट होतात. वस्तीवर नळ नसेल तर तांब्याने सतत पाणी ओतावे.

२. जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद, तेल किंवा झाडपाला लावू नये. जखम घट्ट बांधू नये.

३. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शासकीय रुग्णालय गाठावे. तेथे लस मोफत दिली जाते. दंडात टोचण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी लस देतात. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ व २८ व्या दिवशी देतात.

४. जखम खोल असेल, रक्त आले असेल किंवा चेहरा, मान, हाताची बोटे येथे चावा असेल, तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक असते. त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

५. चावलेल्या कुत्र्यास मारू नये. शक्य असल्यास १० दिवस नजरेखाली ठेवावे. तो ठणठणीत राहिला तर पुढील लसीबाबत डॉक्टर निर्णय घेतील. परंतु कुत्र्याचे काय होते ते पाहून मग लस घेऊ, असे करू नये.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजूनही वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ नंतर बंद झाली. आताच्या लसीचा त्रास किरकोळ असतो.

लसीकरण व जंतनिर्मूलन

पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्वो आदी रोगांची एकत्रित लस द्यावी व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी. पार्वो रोगात रक्ती हगवण व उलट्या होऊन पिले दोन-तीन दिवसांत दगावतात. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी, महिन्याने बूस्टर द्यावा व नंतर दरवर्षी एकदा न चुकता टोचून घ्यावी. लसीची तारीख विसरत असेल तर २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन ध्यानात ठेवावा. या सुमारास बऱ्याच ठिकाणी लसीकरण शिबिरे होतात.

पिलांना दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा व पुढे दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. मेंढपाळ बांधवांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मेंढी-शेळी कापल्यावर यकृतात किंवा फुप्फुसात पाणी भरलेल्या गाठी दिसल्या तर ते अवयव कुत्र्यास घालू नयेत, खोल पुरावेत. या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून, अंगावरील केसांतून मुलांच्या हाताला लागतात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. त्या काढण्यासाठी कित्येकदा शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्र्यास हात लावल्यावर, जेवणापूर्वी हात धुण्याची सवय घरातील सर्वांना असावी.

आहार व निवारा

वाढत्या पिलास नुसती दूध-भाकरी पुरत नाही. उकडलेले अंडे, शिजवलेले मांस किंवा डाळ यांची जोड द्यावी. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात, ती घालू नयेत. आपल्या भागात मुबलक असणाऱ्या काही वस्तू कुत्र्याला विषारी ठरतात. कांदा व लसूण यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, तर द्राक्षे व बेदाणे यांमुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणून कांद्याची फोडणी असलेले कालवण रोज घालू नये व बेदाण्याच्या शेडवर कुत्रा मोकळा सोडू नये.

गोचीड मारण्यासाठी पिकावरील कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला चोळू नये, कारण कुत्रा अंग चाटतो. घरात उरलेली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास देऊ नये, तिचा जीव जातो. उंदराचे विषारी आमिष व त्याने मेलेले उंदीर कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवावेत.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली दिवसभर साखळीने बांधू नये. सावली व पाणी सतत असावे. उसाच्या पट्ट्यात रात्री मजबूत जाळीचे बंदिस्त खोपट करावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा कुत्रा हे त्याचे प्रमुख भक्ष्य आढळले. ओट्यावर बांधलेला कुत्रा त्याला पळून चुकवू शकत नाही आणि बिबट्याही त्यामुळे घराच्या दारापर्यंत येतो.

नको असलेली पिले

कुत्री सामान्यतः वर्षातून दोनदा माजावर येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. पिले पोत्यात घालून बाजाराच्या गावी किंवा रस्त्याच्या कडेला सोडणारे पुष्कळ आहेत. तीच पिले पुढे लस न टोचलेली भटकी कुत्री होतात आणि फिरून आपल्याच गोठ्याशी येतात. पिले नको असतील तर पशुवैद्यकाकडून नसबंदी शस्त्रक्रिया करून घ्यावी. कुत्रा म्हातारा झाला, डोळ्यांनी दिसेनासे झाले, म्हणून त्याला हाकलून देऊ नये. ज्याने दहा-बारा वर्षे रात्र जागून वस्ती राखली, त्याला अखेरपर्यंत कोपरा व भाकर देणे हे आपले कर्तव्य आहे.

हे लक्षात ठेवा

• कुत्रा-मांजर पाळण्यापूर्वी लसीची तयारी असावी.
• रेबीजची लस दरवर्षी, जंताचे औषध दर तीन महिन्यांनी.
• चावा लागताच १५ मिनिटे साबण-पाणी व त्याच दिवशी दवाखाना.
• लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये.
• गाठी असलेले यकृत, फुप्फुस कुत्र्यास घालू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी गाय-बैलांच्या लसीकरणासाठी पशुवैद्यक वस्तीवर येतील तेव्हा कुत्र्यालाही पुढे आणावे. त्याच्या एका लसीने त्याचे, गोठ्याचे आणि अंगणात त्याच्याशी खेळणाऱ्या नातवंडांचेही संरक्षण होते.