दिवा लागला, पण निरोप पोहोचला का?

आमच्या परिचयाच्या एका वाचनालयात संगणकाचा संबंध वारंवार तुटू लागला. मंडळींनी नवा हब आणला, दोष तसाच. अखेर कपाटाच्या पायाखाली चेपलेली केबल सापडली. पैसे गेले ते गेलेच, पण आठवडाभर देवघेवही अडली. चूक यंत्राची नव्हे, शोधण्याच्या रीतीची होती. म्हणून त्या रीतीविषयी चार शब्द.

तारांनी संगणक जोडण्याच्या 'इथरनेट' पद्धतीचा आरंभ १९७३ साली अमेरिकेत झाला. तीत पुढे आलेला हब म्हणजे दवंडीवालाच. एका खोबणीतून आलेला संकेत तो उरलेल्या सर्व खोबणींतून बाहेर टाकतो. दोघे एकाच वेळी बोलले तर टक्कर होते; मग दोघेही थांबून पुन्हा प्रयत्न करतात. आज लोक ज्या पेटीला हब म्हणतात ती बहुधा स्विच असते. स्विच पोस्टमनसारखा पत्ता ओळखून नेमक्या दारी निरोप देतो.

आता दोष कसा शोधावा? पहिला प्रश्न असा, की एकच संगणक अडला आहे की सगळे? सगळे अडले असतील तर पेटी, तिचा वीजपुरवठा व बाहेर जाणारी तार पाहावी. एकच अडला असेल तर त्याची केबल दुसऱ्या, चालू खोबणीत लावावी. तरीही दोष राहिला तर खात्रीची केबल जोडून पाहावी. तीही व्यर्थ गेली तरच संगणकाकडे वळावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

खोबणीजवळचा दिवा लागला म्हणजे काम झाले, असेही नव्हे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो, तो बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडून निष्प्रभ व्हावा म्हणून. टोक बसवताना ३ व ६ क्रमांकांच्या जागी एकाच जोडीच्या तारा हव्यात. तेथे दोन निराळ्या जोड्यांतील तारा गेल्या, तर साधी चाचणी निर्दोष ठरते, दिवाही लागतो, आणि निरोप मात्र वाटेत बिघडतात. केबल १०० मीटरांहून लांब असली तरी असाच घोटाळा संभवतो.

तात्पर्य, दिवा एवढेच सांगतो की दोन टोकांची गाठ पडली आहे. त्यांचे बोलणे नीट चालले आहे की नाही, हे आपणच क्रमाने तपासले पाहिजे. नवी पेटी आणण्यापूर्वी कपाटाखाली एकदा वाकून पाहावे, एवढीच आमची विनंती.