घर पाहावं मंगळवारी!

शनिवार-रविवारी पुण्यात तीन प्रकारची माणसं गाड्या काढतात. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला निघालेली, मॉलमध्ये शिरणारी आणि फ्लॅट बघणारी. मागचे आठ महिने आम्ही तिसऱ्या प्रकारात होतो. बाकीच्या दोन गटांतल्यांच्या चेहऱ्यावर जरा तरी आनंद दिसतो, एवढं सांगते.

आमची केस तुमच्यासारखीच. मी हिंजवडीत, नवरा शिवाजीनगरला, वाकडला भाड्याचा वन बीएचके, पगार झाला की पाच तारखेला भाडं. फरक एकच. सासूबाई साताऱ्याला एकट्या राहायच्या. सासऱ्यांनी मृत्युपत्र करून घर त्यांच्या नावावर केलं होतं. पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि दोन तासांनी शेजारच्या काकूंना कळलं. त्यानंतर त्यांनीच फोनवर सांगितलं, "मी येते तिकडे. हे घर विकू, तुम्ही मोठं घ्या."

ऐकायला किती सोपं! पण साताऱ्याचं घर एकदा विकलं की परतीचा रस्ता बंद. फ्लॅटची निवड चुकली तर आम्ही चार वर्षांनी दुसरा बघितला असता. आईंना दुसरं अंगण कुठून आणणार होतो?

कोल्ड कॉफी आणि सॅम्पल फ्लॅट

पहिलं प्रेम पुनावळ्यात जडलं. चौदावा मजला, टू बीएचके, क्लब हाउस, जॉगिंग ट्रॅक, माझं ऑफिस वीस मिनिटांवर. साइट ऑफिसात शिरलो की हातात कोल्ड कॉफी. सॅम्पल फ्लॅट असा काही सजवलेला की आपण इतके टापटीप कधीपासून झालो, असं वाटावं. एक टिप देते. सॅम्पल फ्लॅटमधला डबल बेड टेप लावून मोजा. आमच्या तिथला पाच फूट आठ इंच निघाला. नवऱ्याची उंची सहा फूट. कपाटं फक्त दर्शनी होती, त्यांना खोलीच नव्हती. आईंचं गोदरेजचं कपाट कुठे ठेवणार, असं विचारल्यावर त्या गोड मुलीने "मॅम, वॉर्डरोब तर तुम्ही मॉड्युलरच कराल ना?" असं उलट मलाच विचारलं.

किंमत ८२ लाख. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. सात टक्के स्टॅम्प ड्यूटी म्हणजे ५ लाख ७४ हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. काम चालू असलेल्या इमारतीतला फ्लॅट म्हणून पाच टक्के जीएसटी, ४ लाख १० हजार. गेले की ९२ लाखांच्या वर! क्लब हाउस, पार्किंग, मेंटेनन्सचं डिपॉझिट यांची गोष्ट अजून सुरूही झाली नव्हती. आणि स्टॅम्प ड्यूटी-रजिस्ट्रेशनचा खर्च बँक कर्ज देताना धरत नाही, तो आपल्याच खिशातून जातो. ६० लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं तर हप्ता ५२ हजारांवर. वीस वर्षांत भरायचे सुमारे सव्वा कोटी. नवरा दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

त्यात "या वीकेंडला वीस टक्के भरा, रेट लॉक करून देतो," अशी लाडीगोडी. रेरा कायद्याने करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हे सांगितल्यावर कॉफीचा दुसरा कप आला नाही. २०१७च्या मे महिन्यापासून महारेराची वेबसाइट आपल्या हाताशी आहे, सिनेमाचं तिकीट काढतो तितक्या सहज ती उघडा. ब्रोशरवरचा नोंदणी क्रमांक टाकला की प्रकल्प कधी पूर्ण करायचं कबूल केलंय, मुदत कितीदा वाढवून घेतली, कोर्टात काही चालू आहे का, सगळं दिसतं. आमच्या टॉवरची तारीख एकदा पुढे गेली होती. एवढ्यावरून कोणी वाईट ठरत नाही, पण आईंना तोवर ठेवायचं कुठे, हा प्रश्न होताच.

तीन मजले, चव्वेचाळीस पायऱ्या

दुसरं घर कोथरूडला. १९८६ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण खोल्या! दोन खिडक्यांचं स्वयंपाकघर, कोनाड्यात देवघर, बाहेर आंब्याचं झाड. चालत गेलं की भाजी, दवाखाना, नाट्यगृह. नवरा बघताक्षणी खलास. त्याला मेट्रोने ऑफिस गाठता आलं असतं. मला मात्र हिंजवडी एकदम लांब पडत होती. चांदणी चौकाचा नवा पूल २०२३मध्ये झाला खरा, तरी संध्याकाळी सहाला तिथून जाऊन दाखवा.

जुन्या घरांची गंमत वेगळी आणि गोचीही वेगळी. करारात क्षेत्रफळ बिल्ट-अप लिहिलेलं, म्हणजे भिंतींची जाडीसुद्धा आपण विकत घेणार. नव्या फ्लॅटचा आकडा कार्पेटमध्ये असतो. दोन्ही आकडे शेजारी मांडून प्रति चौरस फूट भाव काढणं म्हणजे किलोची तुलना लिटरशी. आम्ही टेप घेऊन प्रत्येक खोली आतून मोजली तेव्हा कुठे हिशेब लागला. तिसरी बेडरूम म्हणून दाखवलेली खोली मुळात टेरेस होती, मालकांनी कधीतरी भिंत घालून बंद केलेली. मंजूर नकाशात ती नव्हतीच. बँकेचा व्हॅल्युअर अशी खोली धरत नाही, पण विकणारा तिचे पैसे बरोबर धरतो.

एजंटचं पालुपद एकच, "मॅडम, ही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, लॉटरी आहे लॉटरी!" सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना विचारलं तर जमिनीचं कन्व्हेयन्स अजून झालेलंच नव्हतं. २०१९पासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आधी ७५ टक्के लागायची. म्हणजे ठराव होऊही शकतो. पण मग दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं. साताऱ्याहून पुण्याला, पुण्यात आल्यावर पुन्हा ट्रंका बांधून तिसरीकडे. अडुसष्टाव्या वर्षी ही असली लॉटरी कोणाला हवीय?

आई आल्या मंगळवारी

खरं सांगायचं तर तोपर्यंत आम्ही आईंना फक्त फोटो पाठवत होतो. व्हॉट्सॲपवर त्यांचा अंगठा यायचा, आम्ही खूश. मग त्यांची डॉक्टरची अपॉइंटमेंट मंगळवारी होती म्हणून त्या पुण्यात आल्या. मी रजा टाकली आणि म्हटलं, चला, दोन्ही घरं दाखवते.

पुनावळ्यात सकाळी अकराला पोचलो. पहिल्या फेजमध्ये लोक राहायला आले होते. रविवारी तिथे पोरांची सायकल रेस होती, त्या दिवशी जॉगिंग ट्रॅकवर फक्त माळी. गेटवर टँकर रांगेत उभे. वॉचमनचं रजिस्टर पाहिलं, सकाळपासून नऊ टँकर आत गेले होते. रविवारी कोल्ड कॉफी पिताना आम्हाला एकही दिसला नव्हता! पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९मध्ये एक दिवसाआड पाणी सुरू झालं होतं, हे मी ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडून ऐकलेलं. तरी विचारायचं सुचलं नाही. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच येतात.

आई चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या राहिल्या. हवा छान होती. म्हणाल्या, "छान आहे गं. तू सातला येशील, तो आठला. मी दुपारी खाली जाऊन कोणाशी बोलू?" मग हळूच, "कपडे इथे बाहेर वाळत घालू देतात का?" देत नाहीत. नियमावलीत लिहिलंय.

कोथरूडला खाली पारावर तीन बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. पाच मिनिटांत त्यातल्या एकीचं माहेर कोरेगावचं निघालं. मी मनात म्हटलं, झालं, ठरलं. मग जिना आला. आई दोनदा थांबल्या. वर येऊन सगळं घर डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चढेन मी रोज एकदा. पण मग खाली उतरायची नाही." त्या हसत होत्या. मला मात्र एकदम न्हाणीघरातले ते दोन तास आठवले.

दोन्ही घरं त्या दिवशी बाद झाली. आठ महिन्यांची मेहनत. नवऱ्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि फक्त "बरं" म्हणाला. कोथरूडच्या आंब्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर अजून आहे.

म्हणजे मी पेइंग गेस्ट?

सापडलं ते कर्वेनगरला. पहिला मजला, अठरा पायऱ्या, ६८ लाख. खोल्या लहान, हॉलमध्ये दुपारी दिवा लावावा लागतो, एका बेडरूमच्या खिडकीखाली सोसायटीचं पार्किंग आहे आणि पहाटे पाचला कोणाची तरी स्कूटर किक मारमारून सुरू होते. हे ब्रोशरमध्ये लिहायला कोणी नव्हतं, म्हणून मी लिहिते. पण कन्व्हेयन्स झालंय, नकाशाप्रमाणे बांधकाम आहे, रिसेल म्हणून जीएसटी नाही. आम्ही मंगळवारी सकाळी, गुरुवारी रात्री आणि एकदा धो धो पावसात जाऊन आलो. आईंचे पैसे घातल्यावर कर्ज ४० लाखांचं, हप्ता पावणेपस्तीस हजार.

आता नावं कोणाची? सीएने सांगितलं, साताऱ्याचं घर विकून होणाऱ्या नफ्यावरचा टॅक्स वाचवायचा तर नव्या घरात आईंचं नाव हवंच. शिवाय महाराष्ट्रात २०२१पासून घर फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट आहे. आमच्या हिशेबात ६८ हजार! नवरा नव्या टॅक्स रिजीममध्ये, त्यामुळे स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट त्याला तशीही मिळत नव्हती. तो जरा वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हप्ते भरायचे आणि राहायचं पेइंग गेस्ट?"

आई पटकन म्हणाल्या, "जेवणखाण धरून आहे रे."

हसलो, पण विषय हसण्यावारी नेला नाही. नणंदेला फोन केला. माहेरचं घर जाणार होतं, तिला न विचारता कसं चालेल? ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "आईचं नाव पहिलं लागणार असेल तर माझं काही म्हणणं नाही." नवऱ्याने दोन दिवस विचार केला, एका वकील मित्राशी बोलला आणि कर्जात सहकर्जदार म्हणून सही करायला तयार झाला.

दुय्यम निबंधक कार्यालयात आईंचा अंगठा मशीन घेईना. चारदा पुसला, पाचव्यांदा घेतला. इंडेक्स टूवर आता दोनच नावं आहेत, पहिलं सासूचं, दुसरं सुनेचं. मला ऑफिसला जायला एक तास लागतो, परत यायला सव्वा. परवा आले तर दाराला कुलूप. फोन केला तर आई खालच्या मजल्यावर, कुरडया घालायला गेलेल्या.