हिऱ्याला जागा हवी, चाकालाही

लंडनच्या चीपसाइड भागात १९१२ साली मजूर एका जुन्या इमारतीच्या तळघराची जमीन खणत होते. कुदळ लागली ती दागिन्यांच्या साठ्याला. माळा, अंगठ्या, मीनाकामाच्या साखळ्या मिळून जवळजवळ पाचशे नग, सुमारे तीनशे वर्षं मातीत पडलेले. त्यांतला एक नग आजही पाहणाऱ्याला थांबवतो. कोलंबियातल्या मूझोच्या खाणीतून निघालेला मोठा षटकोनी पाचू कुणी तरी आतून कोरून पोकळ केला आणि त्या पोकळीत घड्याळ बसवलं. वरचं झाकणही पाचूचंच, आतली हिरव्या मीन्याची तबकडी आरपार दिसावी असं. काळ साधारण १६०० च्या आसपासचा.

पाचू हा ठिसूळ खडा. जन्मतःच त्यात बारीक भेगा असतात आणि कोरताना कुठल्या भेगेत तो दुभंगेल याचा नेम नसतो. त्या कारागिराने तो दुभंगू दिला नाही. चारशे वर्षांनी पाचू जसाच्या तसा आहे, आतलं यंत्र मात्र गंजून घट्ट बसलेलं आहे.

जवाहिरा आणि घड्याळजी यांचा जुना तंटा या एका नगात पाहायला मिळतो. जवाहिऱ्याला पृष्ठभाग हवा, खड्याला खोली हवी, चारी बाजूंनी प्रकाश हवा. घड्याळजीला पोटात मोकळी जागा हवी. कमान, दातेरी चाकं, त्यांची गती ठरावीक टप्प्यांनी सोडणारं एस्केपमेंट, झुलत वेळ राखणारं बॅलन्सचं चाक यांतलं काहीही कशाला घासता कामा नये, धुळीचा कण आत जाता कामा नये आणि काही वर्षांनी सगळं उघडून तेलपाणी करता आलं पाहिजे. शिवाय हिरा पिढ्यान्‌पिढ्या काहीही न मागता टिकतो आणि यंत्र सतत देखभाल मागतं. दोघांना एकाच मनगटावर, दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत नांदवायचं म्हणजे कुणाला तरी माघार घ्यावी लागते. बहुतेक वेळा ती यंत्राने घेतली. ज्या थोड्या वस्तूंत ती कुणीच घेतली नाही, त्या या कलेतल्या खऱ्या उत्तम वस्तू.

हा संसार सुरू झाला तो जिनिव्हात, आणि तोही धर्माच्या धाकाने. १५४१ मध्ये जॉन कॅल्व्हिन त्या शहरात परतला आणि साधेपणाचं कडक राज्य सुरू झालं. दागिने मिरवणं पाप ठरलं. क्रूस आणि चर्चमधली सोन्याची पात्रं घडवून पोट भरणारे सोनार उघड्यावर पडले. त्याच सुमारास फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेले प्रोटेस्टंट ह्यूगनो लोक घड्याळाचं कसब घेऊन शहरात शिरत होते. घड्याळ ही उपयोगाची वस्तू, तिला बंदी नव्हती. सोनारांनी आपली कोरणी घड्याळांच्या केसांवर चालवायला घेतली. १६०१ पर्यंत जिनिव्हाच्या घड्याळजींनी आपला संघही स्थापन केला होता. धर्मगुरूने दागिन्यांना दारातून हाकललं आणि ते घड्याळाच्या आडून खिडकीतून परत आले, असं म्हणायला हरकत नाही.

खड्यांनी यंत्राच्या आत प्रवेश केला तो पुढच्या शतकात, आणि शोभेसाठी नव्हे. जिनिव्हात वाढलेला गणिती निकोला फातिओ याने लंडनमध्ये दबोफ्र बंधूंसह १७०४ साली माणकाला बारीक भोक पाडून त्यात चाकाचा आस फिरवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. धातूवर धातू घासला की झिजतो, तेल दाट होतं, घड्याळ मागे पडतं. माणकाचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ९, म्हणजे हिऱ्याच्या फक्त एक पायरी खाली. गुळगुळीत घासलेल्या माणकात पोलादी आस वर्षानुवर्षं फिरला तरी झीज नगण्य. जुन्या उत्तम घड्याळांत ही माणकं सोन्याच्या इवल्याशा कोंदणात बसवून स्क्रूने घट्ट केलेली दिसतात. घड्याळाच्या पोटात, जिथे मालकाची नजर कधीच जायची नाही, तिथे अंगठीसारखंच जडकाम! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओग्यूस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि हे खडे कवडीमोल झाले. म्हणूनच आपल्या मागच्या पिढीच्या मनगटावरचं एचएमटीचं ‘जनता’ सामान्य नोकरदाराला परवडत असूनही १७ ज्वेल्सचं असू शकलं.

बाहेरच्या खड्यांची गोष्ट इतकी सरळ नाही.

स्त्रियांच्या दागिन्यात मावेल इतकं लहान यंत्र बनवायचं तर पहिला बळी जातो तो बॅलन्सचा. तो जितका लहान, तितकं घड्याळ लहरी. पॅरिसचे जेगर आणि स्वित्झर्लंडच्या व्हाले द जू या खोऱ्यातले लकूल्त्र यांनी १९२५ मध्ये यावर तोड काढली: यंत्र दुमजली करायचं. चाकं एका पातळीवर, कमान दुसऱ्या पातळीवर. लांबी-रुंदी वाढली नाही, पण बॅलन्सला पुरेशी जागा मिळाली. चार वर्षांनी याच कल्पनेतून ‘कॅलिबर १०१’ जन्मलं. लांबी १४ मिलिमीटर, रुंदी ४.८, जाडी ३.४. वजन जेमतेम एक ग्रॅम आणि त्यात ७४ सुटे भाग. चावी द्यायचं बटण मागच्या बाजूला, कारण कडेला ते आलं की दागिन्याची रेषा बिघडते. हे यंत्र हिऱ्यांच्या पट्टीत असं लपतं की समोरच्याला तोडा दिसतो, घड्याळ दिसत नाही. राणी एलिझाबेथ दुसरी हिने २ जून १९५३ रोजी राज्याभिषेकाच्या दिवशी या यंत्राचं घड्याळ घातलं होतं. यंत्र आजही बनतं, आता त्यात ९८ भाग असतात. इतके लहान भाग जुळवणारे हात मोजकेच, त्यामुळे संख्या थोडी आणि किंमत अफाट. या क्षेत्रातली सर्वांत मोठी करामत कोणती असं विचारलं, तर हे एक ग्रॅमचं यंत्र पहिल्या क्रमांकावर ठेवावं लागेल.

दुसऱ्या क्रमांकावर मनगटी घड्याळ नाहीच, टेबलावरचं आहे. पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांनी १९१२ च्या सुमारास आपलं पहिलं ‘गूढ घड्याळ’ बनवलं. स्फटिकाची पारदर्शक तबकडी, तिच्या मधोमध हिरेजडित काटे, आणि काट्यांना जोडलेलं काहीच नाही. आरपार पाहा, पलीकडची भिंत दिसते. काटे मात्र फिरत असतात. बनवणारा मोरिस कुए तेव्हा पंचविशी नुकती ओलांडलेला होता. मूळ युक्ती एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ याची, आणि ती कळली की साधी वाटते: काटे स्वतः फिरतच नाहीत. प्रत्येक काटा एका स्फटिकाच्या चकतीला चिकटवलेला असतो आणि फिरते ती अख्खी चकती. चकतीच्या कडेला धातूचे दाते असतात, ते चौकटीत लपलेले. यंत्र खाली बैठकीत दडलेलं आणि चौकटीच्या उभ्या खांबांतून दांड्या वर जाऊन चकत्या ढकलतात. जवाहिऱ्याला हवी असलेली पारदर्शकता आणि घड्याळजीला हवा असलेला आडोसा, दोन्ही एकाच चौकटीत. दुकानातल्या विक्रेत्यांनाही आतली मेख सांगितली जात नसे, असं म्हणतात.

पुढे या घड्याळांना खांब आले, मूर्ती आल्या. १९२८ मध्ये अठराव्या शतकातल्या एका चिनी जेडच्या हत्तीच्या पाठीवर अंबारीसारखं गूढ घड्याळ चढवलं गेलं, हिरे, मोती, पोवळी आणि गोमेद लावून. हा हत्ती गेला नवानगरच्या महाराजांकडे. रणजी करंडक ज्यांच्या नावाने खेळला जातो ते रणजितसिंहजी त्या वर्षी तिथले जामसाहेब होते. भारतीय संस्थानिकांचं पॅरिसच्या जवाहिऱ्यांशी नातं तेव्हा जुनं होऊ लागलं होतं. कार्तिए घराण्यातला जाक १९११ मध्येच हिंदुस्थानात येऊन गेला होता.

आता जरा कार्यशाळेत डोकवायला हवं, कारण प्रदर्शनातल्या काचेमागे मेहनत दिसत नाही. खडे बसवणारा कारागीर रिकामी केस हाती घेतो; यंत्र शेवटी येतं. केसची भिंत एखाद-दीड मिलिमीटर. त्यात खड्यासाठी बैठक खणायची, पण भोक आरपार गेलं तर धूळ आणि पाणी थेट आत. बैठकीच्या कडेला कोरणीने सोन्याचे बारीक दाणे उठवायचे आणि ते खड्यावर दाबायचे. दाब कमी पडला तर खडा निखळतो, जास्त झाला तर पाचू तडकतो. अंगठीचं सोनं थोडं वाकलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. घड्याळाची केस केसभर जरी वाकली, तरी यंत्र आत बसत नाही. तबकडीवर खडे जडवले की ती जाड होते, मग काट्यांचा आस लांब करावा लागतो, काच वर न्यावी लागते आणि घड्याळ फुगत जातं. मीनाकाम असेल तर आणखी एक पेच. काचेची भुकटी आठशे अंशांच्या भट्टीत पुन्हा पुन्हा भाजायची, आणि ती आच खड्यांना सोसत नाही; म्हणून मीना आधी, खडे नंतर. दहाव्या भाजणीला तबकडी तडकली तर आधीच्या नऊ भाजण्या फुकट.

या फुगण्यावर पिआझे या घराण्याने उलट्या टोकाने उपाय शोधला. खडा पातळ होत नसेल तर यंत्र पातळ करू. १९५७ मध्ये त्यांनी जेमतेम २ मिलिमीटर जाडीचं यंत्र आणलं. जागा उरली. त्या उरलेल्या जागेत साठच्या दशकात राजावर्त, मॅलाकाइट, ओपल, व्याघ्रमणी यांच्या पातळ चकत्यांच्या तबकड्या आल्या. यंत्रशास्त्रातल्या एका काटकसरीने दागिन्यांची अख्खी फॅशन जन्माला घातली.

मग क्वार्ट्झ आलं. १९६९ च्या नाताळात सेइकोने बाजारात आणलेल्या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळानंतर चावीच्या यंत्रांवर उभा असलेला स्विस उद्योग पुढच्या काही वर्षांत कोलमडत गेला. दागिन्यांच्या घड्याळांना मात्र ही पर्वणी वाटली. बॅटरी आणि चिप, जागा कमी, कटकट शून्य. पुढची काही दशकं श्रीमंत स्त्रियांच्या हिरेजडित घड्याळांत बहुधा बॅटरीच असे आणि खरी यंत्रकला पुरुषांसाठी राखलेली. यात सोय होती तितकाच पूर्वग्रहही होता. २०१४ मध्ये ग्राफ या जवाहिऱ्यांनी ‘हॅल्युसिनेशन’ हे ११० कॅरटहून जास्त रंगीत हिऱ्यांचं, साडेपाच कोटी डॉलरचं घड्याळ मांडलं, तेही क्वार्ट्झच. हिरे अप्रतिम, यात शंका नाही. पण ते तोडा म्हणून घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं. त्यापेक्षा १९७९ चं, व्हाशरोन कॉन्स्टन्टिन या स्विस घराण्याचं ‘कॅलिस्ता’ बरं: ११८ पाचूकट हिरे, सुमारे १३० कॅरट, सहा हजार तासांची घडण, आणि भपक्यातही निदान एक ठाम आकार.

वारं बदललं ते २०१० मध्ये. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या जवाहिऱ्यांच्या ‘पाँ देझामूरो’ (प्रेमिकांचा पूल) या घड्याळात मीन्याच्या पुलावर एका टोकाला छत्री घेतलेली तरुणी, दुसऱ्या टोकाला तरुण. तिची जागा तास सांगते, त्याची मिनिटं. दुपारी आणि मध्यरात्री बाराला दोघं पुलाच्या मध्यावर भेटतात, चुंबन घेतात आणि आपापल्या टोकाला परततात. मागे धावून जाणारे हे दोन काटे जमवले जिनिव्हाच्या झाँ-मार्क विडररेश्ट यांनी. इथे यंत्र दागिन्यामागे लपत नाही. यंत्र नसेल तर गोष्टच नाही. २०२२ मध्ये बुल्गारी या जवाहिऱ्यांनीही आपल्या सर्पाच्या आकाराच्या घड्याळाच्या डोक्यात बॅटरीऐवजी १२.३ मिलिमीटर व्यासाचं, १.३ ग्रॅमचं चावीचं यंत्र घातलं. नऊ दशकांपूर्वीच्या १०१ ला एवढ्या उशिरा भावंड मिळालं.

आता मोलाचा प्रश्न. सोनं आणि खडे वजनावर विकले जातात, यंत्राला तराजू नाही. रशियाच्या झार अलेक्झांडर तिसऱ्याने १८८७ च्या ईस्टरला राणीला दिलेलं फाबर्जेचं सोन्याचं अंडं क्रांतीनंतर बेपत्ता झालं. अमेरिकेतल्या एका भंगार-सोन्याच्या व्यापाऱ्याने ते सुमारे १४ हजार डॉलरला घेतलं, वितळवून नफा काढायला. हिशेब चुकला, गिऱ्हाईक मिळेना. अंड्यात घड्याळ होतं आणि त्यावर व्हाशरोन कॉन्स्टन्टिनचं नाव. ते नाव इंटरनेटवर शोधताना त्याला कळलं की आपल्या स्वयंपाकघरात झारचा हरवलेला खजिना पडला आहे. २०१४ मध्ये लंडनमध्ये ते लोकांसमोर आलं. सोन्याने ते भट्टीच्या दारात नेलं होतं, घड्याळाने परत आणलं.

भारतात या दोन धंद्यांची गाठ जरा उलटी पडली. घड्याळं बनवणाऱ्या टायटनने नव्वदच्या दशकात तनिष्क काढलं आणि आज त्या कंपनीची मोठी कमाई दागिन्यांतूनच होते. २०२५ मध्ये टायटनने ‘नेब्युला जलसा’ हे आपलं पहिलं टूर्बियाँ, म्हणजे फिरत्या पिंजऱ्यात बॅलन्स बसवलेलं घड्याळ आणलं. सोन्याची केस, संगमरवरी तबकडी, तिच्यावर लघुचित्रकार शाकिर अली यांनी हाताने रंगवलेला हवामहालासमोरचा सोहळा. नग फक्त दहा. हिऱ्यांच्या बाबतीत तर सांगायलाच नको. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू भारतात, मुख्यतः सुरतेत पडतात आणि त्यांचा मोठा व्यवहार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये होतो.

यंत्राची पारख मात्र आपल्याकडे दुर्मीळ होत चालली आहे. सोन्याचा भाव चढला की आजीच्या काळातली चावीची सोन्याची घड्याळं सोनाराकडे जातात, केस वितळते आणि यंत्र कचऱ्यात जातं. असं घड्याळ घरात असेल तर मोडण्याआधी जाणत्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्यावं. झाकणाच्या आत ७५० हा आकडा म्हणजे १८ कॅरट, ५८५ म्हणजे १४. जुन्या स्विस केसवर १८ कॅरटसाठी हेल्व्हेशिया देवीच्या मुखाचा शिक्का असतो. यंत्रावर कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक कोरलेला सापडतो. पाटेक फिलिप किंवा व्हाशरोनसारख्या घराण्यांकडे तो पाठवला, तर जुन्या वह्या चाळून ते घड्याळ कोणत्या वर्षी बनलं हे शुल्क घेऊन लेखी कळवतात.