हेर, जासूद आणि पाळत

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यास देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी त्या गावी उभे राहिले. जुनी दप्तरे हुडकता हुडकता या गृहस्थाने मराठी धातूंचाही संग्रह केला होता. तो कोशरूपाने त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. खानदेशातील मनुष्यास एखाद्या क्रियापदाचे कुळ शोधण्याची हौस वाटावी, यात म्हणूनच नवल नाही. प्रस्तुत लेखकास पडलेला प्रश्न 'हेरणे' या क्रियापदाचा आहे.

'हेरगिरी' म्हटले की परक्या वकिलाती आणि सांकेतिक लिपी डोळ्यांपुढे येतात. शब्द मात्र शेताबांधावरचा. शेतकरी बाजारात बैल हेरतो, जळगावकडील व्यापारी कापणीला आलेली केळीची बाग हेरतो, शिक्षक शेवटच्या बाकावरचा हुशार मुलगा हेरतो. यात कपट नाही, पारख आहे. प्राकृतातील 'हेर' धातूचा अर्थ पाहणे, शोधणे एवढाच. हिंदीतील 'हेरना' त्याचाच भाऊ. संस्कृत कोशांत गुप्तचरास 'हेरिक' म्हटले आहे, पण तो शब्द लोकभाषेतूनच वर चढला असावा. पुढे त्यास फारसी 'गिरी' जोडली गेली. 'गुप्तहेर' ही तर निव्वळ द्विरुक्ती. उघडपणे हिंडणारा हेर कोणी पाहिला आहे?

'जासूद' हा अरबी 'जासूस'. त्याच्या मुळाशी हाताने चाचपणे ही कल्पना आहे. मराठीत येताच त्याला पाय फुटले आणि पेशवाईत जासुदांच्या जोड्या पत्रे घेऊन धावू लागल्या. सुरतेत अगणित द्रव्य सापडेल ही बातमी महाराजांना बहिर्जी जाधव या जासुदाने दिली, असे सभासद सांगतो. 1679 मध्ये जालन्याची लूट घेऊन परतताना मोगली फौजेने गाठले, तेव्हा आडवाटेने पट्ट्याच्या किल्ल्यावर नेणाराही बहिर्जीच. बातमी आणणे आणि वाट दाखविणे ही एकाच माणसाची कामे होती.

धुळे जिल्ह्यातही हेरण्याचा एक पराक्रम आहे. 1944 च्या एप्रिलमध्ये चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. खजिना कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्याने निघणार, हे आधी कोणी तरी हेरल्याखेरीज अशी कामगिरी होत नसते. इंग्रजांच्या दप्तरी तो दरोडा, आमच्या दप्तरी स्वातंत्र्यसंग्राम!

येथवर नजर शत्रूवर किंवा परक्या सत्तेवर आहे. पण हेरांची नजर नेहमीच सीमेबाहेर असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कौटिल्याचे गूढपुरुष संन्याशाच्या, व्यापाऱ्याच्या वेषात राजाच्या स्वतःच्या अमात्यांवर आणि प्रजेवरही लक्ष ठेवीत. या कामासाठी मराठीत वेगळाच शब्द रुळला आहे, 'पाळत'. त्याचे नाते 'पाळणे' या क्रियापदाशी आहे. म्हणजे पालक आणि पाळत एकाच घरची. राखणीसाठी जागणारा डोळा संशयाने केव्हा पाहू लागला, हे शब्दकोश सांगत नाहीत.

पारध्यांना मात्र ते ठाऊक आहे. हरणाची वाट आणि तितराचा थवा हेरणे हीच ज्यांची पिढीजात विद्या, त्यांनाच सरकारने गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले. 1871 चा मूळ कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. मग पोलिसांपुढे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी, तारेच्या कुंपणातील वसाहती. गुन्हा एकाने करावा आणि पाळत साऱ्या जातीवर, तान्ह्या मुलांसकट! हेराला निदान कोणाला हेरायचे हे ठरवावे लागते. येथे तेवढीही तसदी घेतली गेली नाही.

1952 मध्ये तो कायदा रद्द झाला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या निर्णयाची चर्चा शहरांतून दूरध्वनी आणि संगणक यांच्या संदर्भात पुष्कळ झाली. गावात घरफोडी झाली की रात्री पहिली टॉर्च मात्र अजूनही बहुधा पारध्याच्या पालावरच पडते.