अर्ध्यावर संपवलेली ‘न संपणारी गोष्ट’

आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून आलेल्या वाचकाच्या तक्रारी आपल्या ओळखीच्या असतात. हा प्रसंग गाळला, ती व्यक्तिरेखा अशी नव्हतीच. अशा तक्रारींना दिग्दर्शकाकडे उत्तर तयार असते आणि बरेचदा ते खरेही असते : एवढी पाने दीड-दोन तासांत मावत नाहीत, काहीतरी गाळावेच लागते. पण एक निराशा या उत्तराने शमत नाही. जे गाळले त्यामुळे उरलेल्याचाच अर्थ उलटा झाला, ही ती निराशा. तिला वाचकाचा हळवेपणा म्हणून सोडून देता येत नाही, हे दाखवायला जर्मन लेखक मिखाएल एंडे यांच्या कादंबरीइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

‘कधीही न संपणारी गोष्ट’ असा नावाचा अर्थ असलेली ही कादंबरी १९७९ साली जर्मनीत प्रसिद्ध झाली. ती दोन रंगांच्या शाईत छापलेली आहे. आपल्या जगातला मजकूर लालसर, अद्भुत जगातला हिरवट. प्रकरणे सव्वीस, आणि प्रत्येकाची सुरुवात वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने. नायक बास्टियान हा लठ्ठ, भित्रा, शाळेत मार खाणारा मुलगा. आई वारलेली, वडील दंतवैद्यकातले कारागीर, दुःखात इतके गोठलेले की मुलाशी बोलणेच उरलेले नाही. तो कोरेआन्डर नावाच्या जुन्या पुस्तकविक्रेत्याकडून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. पुस्तकातल्या फान्टाझियेन नावाच्या राज्याला ‘शून्य’ गिळत चालले आहे. आजारी सम्राज्ञीला नवे नाव मिळाले तरच ते वाचेल, आणि ते नाव माणसाच्या मुलानेच द्यायला हवे.

नाव बास्टियानला कधीच सुचलेले असते, पण तो ते उच्चारत नाही. का? आपल्यासारखा बेढब मुलगा पाहून सम्राज्ञीची निराशा होईल, याची त्याला लाज वाटते. शेवटी सम्राज्ञी एका वृद्ध लेखकाकडे जाते. जे घडते ते सारे तो लिहितो, आणि तो जे लिहितो ते घडते. ती त्याला गोष्ट पहिल्यापासून वाचायला सांगते. त्या गोष्टीत पुस्तक चोरणारा बास्टियानही असतो. वाचता वाचता दोघे पुन्हा त्याच जागी येतात आणि गोष्ट पुन्हा सुरू होते. या चक्रातून सुटायला बास्टियानला तोंड उघडावेच लागते. स्वतःच्या काव्यात वावरणारे व्यास आपल्या परिचयाचे आहेत, म्हणून ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. चित्रपटात हा वृद्ध नाही. लाजही नाही, कारण पडद्यावरचा बास्टियान सडपातळ आणि देखणा आहे.

वोल्फगांग पीटरसन यांचा चित्रपट १९८४ साली आला. सुमारे सहा कोटी मार्क खर्चून केलेला, त्या काळच्या जर्मनीतल्या सर्वांत महागड्या चित्रपटांपैकी एक. त्यात चांगले काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुःखाच्या दलदलीत आत्रेयुचा घोडा बुडतो तो प्रसंग पाहिलेले लोक तो विसरत नाहीत. तुम्ही लहानपणी चित्रपट आधी पाहिला असेल आणि तुमचे त्यावर प्रेम असेल, तर ते प्रेम खोडून काढण्याची माझी इच्छा नाही.

पण चित्रपट थांबतो कुठे ते पाहा. नाव दिले, राज्य वाचले, संपले. कादंबरीत हे जेमतेम मध्यावर येते. तिथून बास्टियान स्वतः फान्टाझियेनमध्ये जातो. त्याच्या गळ्यात एक ताईत येतो. मनात येईल ते करावे, अशा अर्थाची अक्षरे त्यावर आहेत, आणि बास्टियान त्यांचा सोपा अर्थ घेतो. तो सुंदर होतो, बलवान होतो, शूर होतो. प्रत्येक इच्छेबरोबर त्याची घरची एकेक आठवण पुसली जाते. आपण लठ्ठ होतो हेच तो विसरतो. पुढे त्याला सम्राट व्हायचे असते आणि त्या भरात तो जिवलग आत्रेयुवर तलवार चालवतो. मग त्याला एक नगर लागते. सम्राट होऊ पाहणारे, परत न गेलेले, आठवणी संपलेले लोक तिथे अक्षरांचे फासे टाकत बसलेले असतात. कधीतरी त्यांतून गोष्ट तयार होईल म्हणून. शेवटी बास्टियानजवळ स्वतःचे नावही उरत नाही. चित्रांच्या खाणीत त्याला बर्फात अडकलेल्या एका माणसाचे चित्र सापडते, आणि ते वडिलांचे आहे हे न कळताच तो त्या माणसासाठी व्याकूळ होतो. घरी परततो तो याच वाटेने.

मिळालेल्या कल्पनाशक्तीचे माणूस काय करतो, हा या उत्तरार्धाचा प्रश्न आहे. पूर्वार्ध ही त्याची पूर्वतयारी. १९९० च्या दुसऱ्या चित्रपटाने इच्छा आणि आठवणींचा हा धागा उचलला खरा, पण फार सैल हाताने.

माझी खरी तक्रार पहिल्या चित्रपटाच्या शेवटाबद्दल आहे. बास्टियान ड्रॅगनवर बसून आपल्या शहरात येतो, छळणाऱ्या पोरांच्या मागे ड्रॅगन लावतो आणि ती कचऱ्याच्या पेटीत उड्या टाकतात. प्रेक्षागृहात टाळ्या पडाव्यात असाच हा प्रसंग. आता कादंबरीतला ग्मोर्क हा लांडगा आत्रेयुला काय सांगतो ते आठवा. फान्टाझियेनचे जे जीव शून्यात पडतात, ते माणसांच्या जगात असत्य होऊन येतात. भ्रम होऊन, लोकांना नको ते विकत घ्यायला लावणारी भूल होऊन. त्या जगातून कोणी जसाच्या तसा आपल्या रस्त्यावर उतरू शकत नाही. माणसाने तिकडे जाऊन बदलून परत यावे, एवढा एकच धड मार्ग आहे. म्हणजे कादंबरीच्याच नियमाने पाहिले तर चित्रपटाच्या शेवटी शहरावरून उडणारा ड्रॅगन हे असत्य ठरते.

एंडे यांनी सुरुवातीला पटकथेच्या कामात भाग घेतला होता. पुढे ती बदलली गेली, तेव्हा त्यांनी चित्रपटाशी असलेला आपला संबंध जाहीरपणे तोडला. ते न्यायालयात गेले आणि हरले. त्यांना अनेकांनी हेकट म्हटले. मला ते तसे वाटत नाहीत. पानावरची प्रतिमा पडद्यावर वेगळी दिसणारच, पण इथे ज्या मोहातून बास्टियान महत्प्रयासाने सुटतो, तोच मोह प्रेक्षकाला बक्षीस म्हणून दिला गेला.

एक बारीक फरक राहिला. कादंबरीच्या अखेरीस बास्टियान कोरेआन्डरकडे जाऊन चोरी कबूल करतो. ही कबुली त्याला फार जड जाते. पण आता त्याच्या अंगात खरे धैर्य आलेले असते. म्हातारा म्हणतो, असे पुस्तक माझ्याकडे कधी नव्हतेच. चित्रपटातला बास्टियान मात्र पुस्तक परत करीन अशी चिठ्ठी ठेवून जातो, त्यामुळे कबूल करायला काही उरत नाही. आणि चित्रपट संपेपर्यंत तो पुस्तक परत करायला येतही नाही.