संहिता आणि प्रयोग (लेखांक ६) : न बोलणारी पात्रं, न थांबणारा वेळ

धाराशिव शहरात तीन वर्षांच्या आत दोन मोठी संमेलनं भरली. एप्रिल २०१७ मध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली ९७ वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झालं आणि जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वं साहित्य संमेलन. नाटक दोन्हीकडे होतं, पहिल्या मांडवात प्रयोग म्हणून आणि दुसऱ्यात ग्रंथविक्रीच्या टेबलावर पुस्तक म्हणून. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला नाटक येतं ते या दुसऱ्या रूपात. पुण्या-मुंबईच्या मानाने इथे नाटकांचे दौरे थोडे, त्यामुळे ‘नटसम्राट’ किंवा ‘एकच प्याला’ यांची भेट बहुधा अभ्यासक्रमात नाहीतर वाचनालयातच होते. अशा वाचकाच्या हाती नाटकातलं काय लागतं आणि काय निसटतं? माझं म्हणणं असं की विनोदी किंवा चर्चात्मक नाटक वाचून बरंचसं हाती येतं. शोकांतिकेचं तसं होत नाही. तिचा गाभाच अशा दोन गोष्टींत असतो की ज्या कागदावर उतरत नाहीत. एक म्हणजे गप्प राहिलेल्या माणसाचं समोर असणं आणि दुसरी म्हणजे थांबवता न येणारा वेळ.

आधी आपल्या मातीतली एक कथा घेऊ. तेरच्या गोरोबाकाकांची कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’त आहे. बायको पाणी आणायला गेली आहे, गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवत आहेत आणि रांगतं मूल त्या चिखलात येतं. पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळतं, म्हणून ही कथा अखेर शोकांतिका ठरत नाही. पण तिच्या मधल्या भागाची बांधणी शोकांतिकेचीच आहे. वाचताना आधी गोरोबा येतात, मग मूल येतं, मग घात होतो. भाषेला एका वेळी एकच गोष्ट सांगता येते, म्हणून वाचकाला या घटना एकामागून एक कळतात. हाच प्रसंग रंगमंचावर आला की तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसू लागतात. गोरोबांचे मिटलेले डोळे, त्यांचे पाय आणि त्या पायांकडे सरकणारं मूल. प्रेक्षकाला जे दिसतं ते गोरोबांना दिसत नाही आणि प्रेक्षकाला ओरडून सांगता येत नाही. जाणतेपणा आणि हतबलता यांची ही गाठ म्हणजेच शोकांतिकेचा अनुभव, आणि ती गाठ डोळ्यांसमोर पडावी लागते.

आता शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा शेवट पाहा. विंदा करंदीकरांनी या नाटकाचा ‘राजा लिअर’ हा अनुवाद केला आहे. कॉर्डिलियाला हातांवर घेऊन लिअर येतो, ही छापील सूचना वाचायला दोन क्षण लागतात. नंतर केंट बोलतो, अल्बनी बोलतो, एडमंड मेल्याची बातमी येते. वाचकाचं मन संवादांमागे जातं आणि दोन-तीन भाषणांनंतर कॉर्डिलिया त्याच्या नजरेतून नाहीशी होते, कारण पुस्तकात जो बोलत नाही तो नसतो. रंगमंचावर मात्र तिचा देह अखेरपर्यंत तिथेच असतो. राज्य कोणाकडे जाणार याची बोलणी त्याच्या शेजारी चालतात आणि त्यामुळेच ती बोलणी पोकळ वाटू लागतात. त्यातच लिअर तिचा श्वास शोधतो, आरसा मागतो, पिसाकडे पाहतो. प्रेक्षकसुद्धा नकळत तिच्या छातीकडे पाहू लागतो. तिथे झोपलेली नटी जिवंत आहे, तिचा श्वास खरोखर चालू आहे. लिअरची आशा आणि प्रेक्षकाची नजर एकाच जागी येऊन थांबतात. हा क्षण शेक्सपिअरने नटाच्या शरीरावर विसंबून लिहिला आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कुसुमाग्रजांनी लिअरचं बीज घेऊन ‘नटसम्राट’ लिहिलं आणि त्यात एक अशी व्यक्ती आणली, जी लिअरमध्ये मुळीच नाही. लिअरची राणी नाटकात कुठेही येत नाही, इथे कावेरी आहे. सगळं मुलांच्या हवाली करू नका, हा सावधगिरीचा सूर तिचाच. पुस्तक वाचताना अप्पा बेलवलकरांची स्वगतं इतकी भारून टाकतात की वाचक त्यांनाच नाटक समजतो, आणि त्यातले उतारे पाठ म्हणणारे आपल्याकडे गावोगाव भेटतात. पण २३ डिसेंबर १९७० रोजी जे नाटक रंगमंचावर उभं राहिलं त्यात डॉ. श्रीराम लागू यांच्या अप्पांसमोर शांता जोग यांची कावेरी होती. अप्पा शब्दांच्या लाटेवर असताना त्यांच्याकडे पाहणारी बायको जेव्हा रंगमंचावर असते, तेव्हा त्या लाटेचा अर्थ बदलतो. अप्पांचं बोलणं म्हणजे वैभव आहे की सत्य न पाहण्याची सवय, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावरून उभा राहतो. लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा अपमान कोणाचा किती झाला, हे एकाच वेळी दोन चेहऱ्यांवर वाचता येतं. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी अप्पा उभे केले. छापील शब्द तेच होते, शोक मात्र प्रत्येकाचा निराळा होता.

दुसरी गोष्ट वेळेची. वाचक पुस्तक मिटू शकतो, चहा करून येऊ शकतो, असह्य पान उलटू शकतो. शोकांतिकेतल्या माणसाला ही मुभा नसते आणि नाट्यगृहातल्या प्रेक्षकालाही ती नसते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये याचा सर्वांत कठोर उपयोग आहे. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत तळीराम आणि त्याचे सोबती हसवतात. एकटा वाचक मनातल्या मनात हसतो, कोटी आवडली तर ती पुन्हा वाचतो, आणि विनोदी प्रवेश व करुण प्रवेश असे दोन वेगळे कप्पे त्याच्या मनात तयार होतात. नाट्यगृहात शेकडो माणसं मिळून मोठ्याने हसतात. ते हसू ओसरायच्या आत सिंधूचं घर समोर येतं आणि आपण ज्या गोष्टीला हसलो तिची किंमत कोण मोजतंय, हे प्रेक्षकाला पाहावं लागतं. सुधाकराची काठी मुलावर पडते तिथवर पोचताना मघाच्या हसण्यातला आपला वाटा विसरता येत नाही. (गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. आपलं हे नाटक रंगमंचावर आलेलं त्यांना पाहता आलं नाही, ही गोष्ट मला अजूनही चटका लावते.)

या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकाराचा. १८११ मध्ये त्याने लिहिलं की लिअर रंगमंचावर करताच येत नाही. तिथे काठी टेकणारा एक म्हातारा तेवढा दिसतो, वाचताना मात्र आपण लिअरच्या मनात शिरतो. हे वाचनाच्या बाजूचं खरं बळ आहे. पण लॅमच्या काळचं लंडन आठवा. नेहम टेटने १६८१ मध्ये केलेलं रूपांतर तिथे तोवर रूढ होतं. त्यात कॉर्डिलिया मरत नाही, एडगरशी तिचं जुळतं आणि लिअरला राज्य परत मिळतं. या फेरफारावर खुद्द लॅमही चिडलेला होता. म्हणजे त्याने नाकारलेल्या रंगमंचाने शोकांतिका कधी पूर्ण दाखवलीच नव्हती. लॅमचा निष्कर्ष मी त्या रंगमंचापुरता मानतो, रंगमंच या गोष्टीपुरता नाही. अ‍ॅरिस्टॉटलचा दाखलाही नेहमी दिला जातो. दृश्याची सजावट त्याने खालच्या पायरीवर ठेवली आणि प्रयोगाशिवायही शोकांतिका परिणाम करते असं म्हटलं, हे खरं. तरी इडिपसचा दाखला देताना तो ज्याच्या अंगावर काटा यावा असं म्हणतो, तो कथा ऐकणारा माणूस आहे. एकांतात मुकाट्याने डोळे फिरवणारा वाचक नव्हे. शिवाय त्याने खाली ठेवली ती सजावट. नटाची उपस्थिती हा तिच्याहून वेगळा विषय आहे. आपल्या नाट्यशास्त्रात वेशभूषेचा आहार्य अभिनय आणि आतून उमटणारा सात्त्विक अभिनय स्वतंत्र मानले आहेत, तो भेद इथे उपयोगी पडतो.

प्रयोग एकच चित्र ठसवतो आणि वाचकाच्या कल्पनेला मोकळीक राहत नाही, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. वाईट प्रयोगाने नाटक कायमचं बिघडू शकतं. इडिपस स्वतःच्याच अपराधाचा तपास करतो, त्या उलटतपासणीतला प्रत्येक दुवा तपासायला पुस्तकच हवं. पु. ल. देशपांडे यांचं ‘राजा ओयदिपौस’ हाती घेऊन कोणता साक्षीदार कोणाला कधी काय सांगतो हे मागे जाऊन पडताळावं, तर रचनेची करामत उलगडते. प्रयोगात ती झरकन निघून जाते. पण ही मोकळीक विचाराला लाभते, भोगायला नाही.

मग ज्या गावात प्रयोग येत नाही तिथल्या वाचकाने काय करावं? वाचन म्हणजे एकट्याने, मनातल्या मनात, ही पद्धत तुलनेने नवी आहे. आपल्याकडे पोथी एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालताना नायक आख्यान सांगतो, साथीदार मधे प्रश्न विचारून त्याला पुढे नेतो, संबळ आणि तुणतुणं सोबतीला असतं. ऐकणाऱ्यांना आख्यान आधीपासून ठाऊक असतं, तरी कोणी उठून जात नाही. अथेन्सच्या प्रेक्षकांनाही इडिपसची कथा माहीत होतीच. कथा माहीत असणं शोकांतिकेच्या आड येत नाही. थांबता येणं आणि एकटं असणं मात्र येतं. तेव्हा महाविद्यालयात, वाचनालयात, अगदी घराच्या ओसरीवरही चार-पाच जणांनी भूमिका वाटून घेऊन नाटक मोठ्याने, मध्ये न थांबता वाचलं, तर निसटलेल्यापैकी पुष्कळ परत मिळतं. एक पथ्य पाळावं लागेल. ज्याचं पात्र त्या प्रवेशात हजर आहे, त्याने संवाद नसला तरी वर्तुळातच, बोलणाऱ्याकडे तोंड करून बसायचं. आपली ओळ कधी येते म्हणून पानं चाळत राहायचं नाही. ‘नटसम्राट’चा पहिला अंक या पद्धतीने वाचून पाहावा आणि कावेरीचं काम गटातल्या सर्वांत चांगल्या वाचकाला द्यावं. पुढच्या लेखांकात ‘राजा ओयदिपौस’मधल्या कोरसकडे वळू.