चाकू आहे का कुणाकडे?

राजगडावर सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला आणि मी हिरो झाले. सॅकमधून घडीचा चाकू काढला, काकड्या सोलल्या, अडकलेली दोरी कापली. सोमवारी तोच चाकू बॅगेत विसरला आणि मेट्रोच्या स्कॅनरमध्ये दिसला. "मॅडम, हे काय?" मागची रांग एकदम गप्प. मी "काकडीसाठी" म्हणाले, तर एक काका चक्क दोन पावलं मागे सरकले! चाकू जमा झाला, पहिलं लेक्चरही बुडलं.

मग कायदा शोधला. शस्त्र नियम, 2016 नुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूला परवाना लागू शकतो. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलीयेत. माझं पातं जेमतेम अडीच इंचांचं. पण मेट्रोत तेही अडवू शकतात आणि विमानाच्या केबिनमध्ये तर चालतच नाही. पोलिसांचा मनाई आदेश असेल तर रस्त्यावरही गोत्यात येऊ शकता. थोडक्यात, गार्डचं चुकलं नव्हतं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "रात्री उशिरा येतेस, दुसरा घे. असू दे जवळ."
"आणि तिच्याच हातातून हिसकावला तर?" बाबा.
काकडीचा विषय कुठल्या कुठे गेला. कुणीच काही बोलेना.

आजी मात्र शांतपणे अडकित्त्याने सुपारी कातरत होती. चंचीत तो घेऊन ती अख्खा महाराष्ट्र एसटीने फिरलीय. कुणी विचारलं नाही. उलट शेजारच्या बाया सुपारी मागायच्या.

रविवारी पुन्हा ट्रेक आहे. काकड्या घरूनच कापून नेणार. पाणी सुटेल, सुटू दे.